डब्यांवरच्या तारखा

आमच्या आळीत मासा शंकेचा वाटला की बायका तो ताटलीत घालून आमच्या मागच्या दारी यायच्या. आई ओट्यावरून हात पुसत यायची, ताटली नाकाजवळ न्यायची आणि लगेच सांगायची, "आज दुपारपर्यंत चालंल, रातच्याला नको." किंवा नुसतंच, "माडाच्या मुळाशी घाल." यापलीकडे चर्चा नाही. कल्ले लाल आहेत का, डोळा चकचकीत आहे का, बोट दाबल्यावर मांस परत वर येतं का, हे सगळं तीही बघायची, पण शेवटचा निकाल नाकाचा. मला लहानपणी याची लाज वाटायची. आपली आई काय आळीची कुत्री आहे का, सगळ्यांचं हुंगायला, असं मी एकदा तोंडावर म्हटलं होतं. तिने पाठीत एक धपाटा घातला आणि जेवायला वाढलं.

दिवेआगरला आमची छोटी वाडी, थोडे माड, थोड्या सुपाऱ्या. वडील गेल्यावर आई तिथे एकटीच राहिली. मी उरणला. बंदराजवळच्या एका यार्डात मी कारकून आहे. परदेशी जाणारी कोळंबी, फळं, मांस भरलेले थंड कंटेनर तिथे विजेला जोडून ठेवतात. त्यांच्या काट्यावरचं तापमान दर चार तासांनी वहीत उतरवायचं, हे माझं काम. वजा अठराचं वजा दहा झालं की धावाधाव सुरू होते. वास कोणी घेत नाही. काटा म्हणेल ते खरं. त्यामुळे आईचं नाक आणि माझा काटा यावरून आमची कायम जुंपायची. ती म्हणायची, "तुझ्या काट्याला कालवण चाखाय दे, मग बघू."

वादळ झालं त्या वर्षी मात्र मी गप्प बसले. निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि कित्येक आठवडे वीज नव्हती. लोकांचे फ्रीज म्हणजे नुसती कपाटं झाली. पहिल्या दिवशी दार उघडू नका, आतला गारवा आत राहू द्या, असं आईने आळीभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती घरोघर जाऊन एकेक डबा उघडून सांगत होती, हे आत्ता शिजवा, हे पुरा. नारळाचं वाटण आधी संपवा, ते सगळ्यात आधी जातं. आळीत एकाचंही पोट बिघडलं नाही. हे मी तिच्याकडून नाही, शेजारच्या काकूंकडून ऐकलं.

त्यानंतर तिला साथीचा ताप आला. आठ-दहा दिवसांत बरी झाली, पण नाक गेलं, कशाचाच वास येईना. हे तिने कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही.

मला कळलं ते एका शनिवारी. एसटीने पाच तास हाडं खिळखिळी करून मी पोचले, पाणी घ्यायला फ्रीज उघडला आणि भपकारा आला. ओल्या जवळ्याचा वाडगा होता, वरून बुळबुळीत. शेजारी खवलेलं खोबरं गुलाबी पडलेलं. आई माझ्या अगदी बाजूला उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही नाही. मी नाक दाबून तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "किती दिस लपवणार व्हते, बाय." आणि खाली बसली. मी तिला रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशीही ती रडली नाही. मी रडले.

मी काट्यावर भरवसा ठेवणारी बाई. रविवारी बसून मी चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, त्यावर तारीख. फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद लावला. मासा धुऊन, हळद-मीठ लावून झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या गार कप्प्यात, दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवायचा. बोंबील आणला त्याच दिवशी. शिजवलेलं कालवण दोन दिवस, नारळाचं असेल तर एकच. भात गार झाला की लगेच आत, दिवसभर टोपात ठेवायचा नाही. कोथिंबीर धुवायची नाही, कोरडी कागदात गुंडाळायची. केळी बाहेर. पांढऱ्या कांद्याची माळ वाऱ्यावर, बटाट्यापासून लांब. वीज चार तासांपेक्षा जास्त गेली तर मासा आणि दूध सरळ फेकायचं. हे शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं.

आईने चष्मा लावून सगळं वाचलं. चौथी शिकलेली आहे ती. म्हणाली, "हे समदं मी तुलाच शिकवलंय. तू नुसतं लिवलंस." खरंच होतं ते. पण मग ती शाळेतल्या पोरीसारखी चिकटपट्टीवर आकडे गिरवायला बसली. आळीतल्या बायका अजून ताटल्या घेऊन येत होत्या. ती कल्ले बघायची, बोट दाबायची, आणि नाकाजवळ नेण्याचं नाटक करायची. मग भीतीपोटी सगळ्यांना एकच सांगायची, माडाच्या मुळाशी घाल. हळूहळू बायका यायच्या बंद झाल्या.

आणि मग ते बांगड्याचं झालं. रात्री वीज गेली होती. किती वाजता, हे तिला झोपेत कळलं नाही. सकाळी फ्रीज परत गार, बांगड्याच्या डब्यावरची तारीख कालचीच, म्हणजे बरोबर. तिने दुपारी त्याच बांगड्याचं तिखलं केलं, भाताशी खाल्लं. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, अंगाला खाज, छातीत धडधड. शेजारच्या काकूंनी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. डॉक्टर म्हणाले, बांगड्यासारखा मासा काही तास गरम राहिला की त्यात विष धरतं, ते उकळून जात नाही, कधी कधी वासही येत नाही. मी म्हटलं, तारीख बरोबर होती हो. ते म्हणाले, तारखेला काय कळतंय वीज गेलेली.

म्हणजे माझ्या चिठ्ठीनेच तिला फसवलं होतं.

तिथून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. फोन वाजला की आधी काकूंचा तर नाही ना, ते बघायचे. यार्डात काट्याचे आकडे उतरवताना आईचा फ्रीज डोळ्यासमोर. "माझ्याकडे चल," मी विनवलं, ओरडले, अबोला धरला. ती एकच म्हणायची, "चूल पेटवता येतेय तवर मी ह्या घरातून हलायची न्हाय. वाडी कोण शिंपंल?" तिला उरणच्या तिसऱ्या मजल्यावर काय करायचं होतं, हे मलाही ठाऊक होतं. काहीच नाही.

आणि सांगायला हवं, तिने स्वतःचं स्वतः निभावून नेलं. मासा फ्रीजमध्ये ठेवणंच तिने बंद केलं. सकाळी कोळीण यायची तेव्हा पाटीतला तडफडता असेल तोच घ्यायचा, दोन वेळचा नाही, एका वेळचा. उरलं तर लगेच माडाच्या मुळाशी. दूध रोज पाव लिटर. भाजी दारची. कधी शंका आलीच तर मला फोन करायची, काय आणलं, कधी आणलं, दिसतं कसं ते सांगायची आणि विचारायची, "टाकू का ठेवू?" मी सांगेन तसं करायची. एकदाही वाद घातला नाही. दोन महिने काही झालं नाही. तीन महिने झालं नाही. तिची तब्येत सुधारली. माझीच बिघडत गेली. मला झोप लागेना. नवरा म्हणाला, "त्यांचं बरं चाललंय, तू का जिवाला लावून घेतेस?" मी त्याच्या अंगावर धावून गेले.

मग तो रविवार. सकाळी ताजी कोळंबी आली होती. माझ्यासमोरच घेतली, माझ्यासमोरच सोलली, काळा दोरा काढला, नारळाचं कालवण केलं. आम्ही पोटभर जेवलो. वाडगाभर उरलं. दोनेक तासांनी चहाच्या वेळी आई तो वाडगा घेऊन माझ्यापुढे आली. तिचा चेहरा उजळलेला होता. म्हणाली, "बघ जरा, तू हायस तर. चांगलं असंल तर रातच्याला भाताशी खाऊ. तुला आवडतं." कितीतरी महिन्यांनी ती काहीतरी ठेवायचं म्हणत होती.

मी वाडगा नाकाजवळ नेला. लसूण, मिरची, नारळ. चांगलं होतं. अगदी चांगलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "गेलंय, आई."

"सकाळची हाय गो."

"गेलंय. आंबूस येतंय. तुला नाही कळत ते."

ते शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हटलं. कुठे लागेल ते मला माहीत होतं. तिने वाडगा हातात घेतला आणि नुसती बघत राहिली त्यात. मला तिथे उभं राहवेना. वाळत घातलेले कपडे काढते म्हणून मी मागे गेले. उगाच एकेक कपडा झटकून घड्या घालत बसले. मनाला समजावत होते, तिच्या भल्याचंच आहे, डॉक्टर नाही का रोग्याशी खोटं बोलत. परत आले तेव्हा वाडगा रिकामा होता, माडाच्या मुळाशी ओलं झालं होतं आणि आई राखेने भांडं घासत होती. वर न बघता म्हणाली, "कधी निघायचं?"

मला वाटलं, सुटले. किती हलकट आनंद असतो माणसाचा. आठ दिवसांत वाडी शेजाऱ्यांकडे सोपवली, फ्रीज पुसून उघडा ठेवला, दाराला कुलूप लावून आईला घेऊन आले.

उरणच्या घरात खिडकीखालून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जातात. आई गॅलरीत बसते. माझा फ्रीज मोठा आहे, आत सगळं जागच्या जागी, तारखांसकट. तिने त्याचं दार एकदाही उघडलं नाही. पाणीही माठातलंच पिते. स्वयंपाकाला हात लावत नाही. आणि "टाकू का ठेवू" हे तिने इथे आल्यावर मला कधी विचारलं नाही. मी समजले, आता माझ्यावर सोपवून निर्धास्त झाली. फक्त एक नवीन खोड लागली होती. ताट वाढलं की ती बोटाचं टोक आमटीत बुडवून जिभेला लावायची, जराशी थांबायची, मग जेवायला लागायची. म्हातारपणी लागते एखादी सवय, असं मी नवऱ्याला म्हटलं.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या काकूंचा फोन आला. आमच्या स्वयंपाकघराचं छप्पर पावसात बसलं होतं. दुरुस्तीचं काय करायचं, असं विचारत होत्या. आईने ऐकलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कोण जातंय आता." इतक्या साध्या आवाजात म्हणाली की माझा बांध फुटला. आम्ही दोघी जमिनीवर कोथिंबीर निवडत बसलो होतो. मी म्हटलं, "आई, ती कोळंबी चांगली होती. मी खोटं बोलले."

"म्हाईत हाय."

तिचा हात थांबला नाही. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

"तू कापडं काढाया गेलीस नं, तवा मी बोट लावून चाखली. नाक गेलं तरी जिभंला आंबट कळतं गो. आंबट नव्हती."

मी विचारलं, "मग आलीस कशाला? तेव्हाच का नाही बोललीस? दोन थोबाडीत द्यायच्यास, नाही तर हाकलून द्यायचंस मला."

आईने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. तो असता तर मी पाय धरले असते.

"नाक गेलं तवा मी भ्यायले न्हाय," ती म्हणाली. "म्हटलं, लेक हाय आपली. लांब का आसंना, ती सांगंल ते खरं. त्याच्यावर ऱ्हायले मी तितकं दिस एकटी. त्या दिवशी ते पण गेलं. मग तिथं कुणाच्या भरवशावर ऱ्हाणार व्हते?"