पान एकशे बारावरच्या तीन ओळी

"नीला, रविवारच्या आत मला तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर एक चिठ्ठी मिळेल का?"

बुधवार, सकाळचे अकरा. मी नोएडातल्या ऑफिसात चहाचा कप घेऊन नुकती टेकले होते. फोनवर रूबेनकाका वाकरूळकर. ऑफिसच्या वेळात त्यांनी मला कधी म्हणजे कधी फोन केला नव्हता.

"कसली चिठ्ठी, काका?"

"की पान एकशे बारावर जे छापलंय ते मी पास केलेलं नाही. एवढंच."

कुठलं पान, काय छापलंय, हे मला विचारावंसुद्धा लागलं नाही. ते पान मीच बिघडवलं होतं.

मी शाळेची पुस्तकं करणाऱ्या एका कंपनीत एडिटर होते. सोशल सायन्स माझ्याकडे. आमच्या धंद्यात रिव्ह्यूअर नावाचा एक माणूस असतो. विषय जाणणारा, बाहेरचा. तो मजकूर वाचतो, चुका काढतो, शेवटच्या प्रूफवर सही करतो आणि पुस्तकाच्या पहिल्या आतल्या पानावर त्याचं नाव छापलं जातं. त्या सहीनंतर मजकुराला हात लावायचा नाही. हा नियम मी नव्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी शिकवायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

नववीच्या जगाच्या इतिहासात झायोनिझमवर दोन पानं होती. रिव्ह्यूअर म्हणून मी काकांना गळ घातली. ते माझ्या बाबांचे ऑफिसातले मित्र. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म घालवून गाझियाबादला फ्लॅटमध्ये राहिलेले. डिग्री इंजिनियरिंगची, पण आपल्या लोकांच्या इतिहासाचं वाचन असं की भल्याभल्या प्रोफेसरांनी गप्प बसावं. आणि दिलेल्या तारखेला वाचून परत करणारा माणूस! दिल्लीत प्रोफेसर ढिगानं मिळतात, तारीख पाळणारे मिळत नाहीत.

काका बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ फुटलं आणि वाचले ते तिथेच राहिले, अशी त्यांच्यात आठवण सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. काका दर शुक्रवारी संध्याकाळी मेट्रोनं दिल्लीतल्या प्रार्थनेला जायचे. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आताशा बायकांनाही मोजतात, पण काका जुन्या वळणाचे. "मी नाही गेलो तर नऊच उरतात," म्हणायचे. ताप असला तरी जायचे.

त्या दोन पानांवर त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी आम्ही अख्खा रविवार घासाघीस केली होती. म्हणजे मी आणि ते नव्हे. ते आणि सिपोराकाकू.

काका म्हणाले, "मुलांना सोपं सांग. सियोनची, म्हणजे यरुशलेमची ओढ आमच्या धर्मात फार जुनी. पण झायोनिझम ही चळवळ जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात उभी राहिली. रशियाच्या राज्यात ज्यूंच्या वस्त्या जाळल्या जात होत्या. पश्चिमेकडे कितीही शिकले, कितीही मिसळले तरी परकेच. तेव्हा काही लोक म्हणाले, आपल्याला आपला मुलूख पाहिजे. त्यात देवाचं नावही न घेणारे पुष्कळ होते. आणि विरोध कुणी केला? मोठमोठ्या धर्मगुरूंनी! परत नेणं हे देवाचं काम, माणसानं घाई करू नये, म्हणाले. दुसरे म्हणाले, आपण धर्म आहोत, राष्ट्र नाही, जिथे आहोत तिथले नागरिक आहोत."

"सगळे धर्मगुरू नाही हं," काकू स्वयंपाकघरातून. "काहींनी चळवळ उचलून धरली. हाच देवाचा मार्ग म्हणाले. तेही लिही, नीला."

"लिहिते, काकू."

"आमच्या मुंबईच्या लोकांनाही युरोपातून या चळवळीच्या पहिल्या अधिवेशनाचं बोलावणं आलं होतं," काका म्हणाले. "त्यांनी कळवलं, देव नेईल तेव्हा जाऊ."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आणि वल्हांडणाच्या सणाला रात्री दरवर्षी कोण म्हणतं, पुढच्या वर्षी यरुशलेमला? तुम्हीच ना?"

"म्हणतो. म्हणून तिकीट काढतो का?"

"अहो, तिकीट काढायची वेळ कुणावर सांगून येत नाही. सगळी दारं बंद झाली तर जायला एक घर असावं. माझ्यासाठी झायोनिझम एवढाच. त्याला धर्म म्हणा नाहीतर राजकारण."

त्यांचा एकुलता एक मुलगा, डॅनियल, इस्रायलमध्येच स्थायिक. बरीच वर्षं आईवडलांना बोलावत होता. काकूंचं मन केव्हाच गेलं होतं. काका हलत नव्हते. "मी इथला आहे," एवढंच म्हणायचे आणि विषय संपवायचे.

शेवटी परिच्छेद असा झाला. आधी दोन वाक्यं: झायोनिझम ही ज्यूंच्या सियोनविषयीच्या प्राचीन ओढीतून पुढे आलेली राष्ट्रीय चळवळ आहे, आणि ज्यू लोक त्या भूमीला आपला देश मानतात. मग तीन ओळी: पण सर्व ज्यूंना ही चळवळ मान्य नव्हती. धर्मगुरूंमध्येही तिच्यावरून फूट होती आणि हा वाद आजही चालू आहे. अनेक ज्यूंनी आपला धर्म पाळत, जिथे होते त्याच देशाला आपलं मानलं. त्या भूमीत आधीपासून राहणाऱ्या अरबांविषयीचा परिच्छेद पुढच्या पानावर होता. काकांनी दोनदा वाचलं, काकूंनी एकदा. सही झाली.

मग आमचे बॉस मल्होत्रा आले. "नीला जी, ये मैप इतना छोटा क्यों है? सेल्सवाले बोल रहे हैं, टीचर मैप देखकर किताब लेती है. बड़ा करो."

नकाशा मोठा केला. मजकूर पानाबाहेर गेला. आम्ही याला ओव्हरसेट म्हणतो. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यात छापतात. एका ठिकाणी तीन ओळी वाढल्या की पुढची सगळी पानं सरकतात. प्रेसला फाइल त्याच दिवशी जायची होती. मी परिच्छेद वाचला. शेवटच्या तीन ओळी काढल्या तरी वाचायला कुठे अडत नव्हतं. काढल्या. काकांना फोन करायचा, हे डोक्यात होतं. मग जेवणाची सुट्टी झाली, मग दुसरं पुस्तक आलं. विसरले. कप्पाळ माझं.

आता ते पुस्तक काकांच्याच सोसायटीतल्या एका घरात पोचलं होतं. काका सोसायटीचे सेक्रेटरी. फायर ब्रिगेडची गाडी यायच्या रस्त्यावर कुणी कार लावली की नोटीस काढायचे. सगळ्यात जास्त नोटिसा चड्ढा नावाच्या गृहस्थांना. चड्ढांची मुलगी नववीत. त्यांनी पान एकशे बारा आणि पहिलं पान, दोन्हींचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं: सेक्रेटरी साहब ने खुद पास किया है, हर यहूदी का देश इज़राइल है. फिर हमारी सोसायटी में किस हक़ से?

रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग होती.

"काका, मी आणते चिठ्ठी," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"चूक कोणाची ते राहू दे गं. माझ्या नावावर मी न म्हटलेलं छापलंय. तेवढं दुरुस्त होऊ दे."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी तडक मल्होत्रांकडे गेले. सगळं सांगितलं.

"अरे यार, नीला जी! छपी किताब पर चिट्ठी? कल कोई स्कूल पूरा ऑर्डर वापस कर देगा. लीगल मेरी जान खा जाएगा. रीप्रिंट में ठीक कर लो, चुपचाप."

"रीप्रिंट अगले साल है. मीटिंग इस संडे है."

"तो अंकल से बोलो मीटिंग में समझा दें. पढ़े-लिखे आदमी हैं."

"मैं अपने नाम से लिख दूँ?"

त्यांनी चष्मा काढला. "लिखिए. पर फिर सोमवार को आप यहाँ एडिटर नहीं होंगी. आपके रिटायरमेंट को कितना बचा है?"

दोन वर्षं. मी ती चिठ्ठी लिहिली नाही. हे इथे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण चिठ्ठी लिहिण्याइतकी नाही.

त्याऐवजी मी शहाणपणा केला. सहीच्या जुन्या प्रूफची फाइलमधली कॉपी काढली आणि रविवारी ती घेऊन स्वतःच मीटिंगला गेले. वाटलं, कागद दाखवला की तोंडं बंद होतील.

बेसमेंटमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टेबलामागे, काकू तिसऱ्या रांगेत. चड्ढांनी उभं राहून पान वाचलं, अगदी शाळेतल्यासारखं खणखणीत. मग पहिलं पान उघडून काकांचं नाव वाचलं.

मी उठले. "मैं इस किताब की एडिटर हूँ. ये तीन लाइनें मैंने काटी थीं. ये देखिए, इनके साइन वाला प्रूफ."

चड्ढांनी प्रूफ उलटसुलट करून पाहिलं. "मैडम, ये तो फोटोकॉपी है. कंपनी की कोई चिट्ठी है?"

"नहीं."

"क्यों नहीं?"

मी प्रूफ परत घ्यायला हात पुढे केला.

"आप इनकी फैमिली फ्रेंड हैं ना? मराठी हैं?" चड्ढा लोकांकडे वळून हसले. "छपा हुआ सच है या ये कागज़, आप लोग देख लीजिए."

मागून एक आजोबा म्हणाले, "वाकरूळकर जी, इसमें बुरा क्या है? बड़ा बहादुर देश है आपका. हम तो इज़्ज़त करते हैं." ते अगदी मनापासून बोलले. काकांचा चेहरा चड्ढांच्या बोलण्यानं पडला नव्हता इतका या कौतुकानं पडला. दुसरीकडून एक बाई म्हणाल्या, रोज टीव्हीवर लहान मुलांची प्रेतं दिसतात, त्याला जबाब कोण देणार? त्यासुद्धा काकांकडेच बघत होत्या. एवढ्या सगळ्यांत काकांना ओळखणारं कुणीच नव्हतं का? होते की. अर्ध्या लोकांच्या पाण्याच्या, लिफ्टच्या तक्रारी त्यांनी सोडवल्या होत्या. ते मान खाली घालून बसले.

काका उभे राहिले. "मैंने छत्तीस साल इस सरकार की नौकरी की है," एवढं म्हणाले. मग टेबलावरच्या किल्ल्या आणि नोटिशींची वही त्यांनी पुढे सरकवली. "फायर लेन खाली रखिएगा," म्हणाले, आणि जिन्यानं वर गेले.

मी काकूंच्या मागोमाग घरी गेले. काका खिडकीशी पाठमोरे बसले होते.

"वाद तू जिंकलीस, सिपोरा," ते म्हणाले.

"मला नव्हता हो असा जिंकायचा," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी चपला घालून निघाले. माझ्या तिथे थांबण्यात काही अर्थ नव्हता.

रीप्रिंट वर्षभरानं आलं. तीन ओळी परत घातल्या, नकाशा लहान केला, मल्होत्रांशी भांडून केला. बूंद से गई वो हौद से नहीं आती, हे ठाऊक असूनही मी प्रेसला जायच्या आधी ते पान घेऊन काकांकडे गेले. नियमाप्रमाणे सही हवी होती.

दार उघडं होतं. आत बॅगा भरलेल्या. दाराच्या चौकटीवर त्यांच्या प्रार्थनेची छोटी डबी कायम असायची, येताजाता काका तिला बोटं लावायचे. ती काढलेली होती. स्क्रूची दोन भोकं तेवढी दिसत होती.

"चौदा तारखेचं विमान आहे," काका म्हणाले. "डॅनियलकडे. काकूचे गुडघे, माझी अँजिओग्राफी. इथे बघायला कोण आहे?"

"तिकडे युद्ध चालू आहे, काका. सायरन वाजतात."

"हो. जिन्याखाली पळायचं म्हणे. डॅनियल शिकवणार आहे."

पुस्तकामुळे गेले, असं मी म्हणणार नाही. गुडघे खरेच होते. पण आदल्या वर्षीही ते तेवढेच दुखत होते.

"शुक्रवारची प्रार्थना?" मी विचारलं.

"नऊ," म्हणाले. "सांगितलंय त्यांना."

मी पान पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला. तिन्ही ओळी बोट फिरवत वाचल्या. शेवटचं वाक्य, जिथे होते त्याच देशाला आपलं मानलं, ते दोनदा वाचलं.

"बरोबर आहे. आता याला हात लावू नकोस."

"सही, काका?"

त्यांनी पेन घेतलं. पहिलं आतलं पान काढलं आणि स्वतःच्या नावावर सरळ एक रेघ मारली. समासात खूण केली, आमच्या धंद्यातली, डिलीटची. ती मीच त्यांना शिकवली होती.

"वाक्य खरं आहे, ते ठेव," ते म्हणाले. "पण त्याच्याखाली आता माझं नाव नको. मी चाललोय ना."

त्यानंतर वर्षभर मी त्या खुर्चीत होते. मजकूर पानाबाहेर गेला की आधी नकाशा लहान करायचे. नव्या मुलामुलींना एकच सांगायचे: जी ओळ काढली तरी वाचायला कुठे अडत नाही, ती काढायच्या आधी ज्याची सही आहे त्याला फोन करा. जेवण नंतर.