दिल्लीले गेलेली मरळ

माहा भाऊ इस्तारी सावलीच्या तलावातला मासेमार, पण डोकं त्याचं लहानपणापासून हवेत. मी, सुगंधाबाई, त्याची मोठी बहीण, म्हणून बोलून राह्यली. दुसऱ्यानं बोललं तं मी त्याची खैर ठेवणार नाई.

त्याची पोरगी भागीरथा दिल्लीले देल्ली. जावई खुशाल तिथी विमान कंपनीत सामान चढवाच्या कामावर. चौऱ्याऐंशीच्या थंडीत पोरगी बाळंत झाली अन् तिनं अन्नच टाकलं. खाटेवरून उठे ना, लेकराले जवळ घे ना. तिची माय तं केव्हाच वारली. आमच्यात बाळंतिणीले माहेरच्या तलावातली मरळ खाऊ घालतात, अन् ती जिवंतच पोचली पाह्यजे. ओल्या पोत्यात मरळ दिवसभर दम धरते, पण दिल्लीची रेल्वे दिवसभरात थोडीच पोचते?

मंग खुशालनं सासऱ्याच्या नावानं विमानाचा पास धाडला. नागपूर ते दिल्ली हवेतून साडेआठशे किलोमीटर, दीड तास. इस्तारी गावभर नाचला.

"बाई, जंगलातल्या आलापल्लीले एसटीनं तीन तास लागते, दिल्ली तं त्याहून जवळ हाये," मले म्हणे.

"अन् नागपूर काय तुया घरामागच्या सांदवाडीत हाये?" मी म्हटलं. शहाण्यानं फक्त उडाचा वेळ मोजला होता.

पहाटे मरळ काढली, शेवाळात गुंडाळून ओल्या पोत्यात घातली अन् एसटीत बसला. दुपारी नागपूरच्या विमानतळावर पोचला तं विमानच आलं नव्हतं. दिल्लीत धुकं म्हणे. तपासणीवाल्या शिपायानं पोत्यात हात घातला, अन् मरळीनं असा झटका देल्ला का तो बिचारा मागंच सरला. इस्तारीनं हात जोडले, "साहेब, बाळंतिणीचं जेवण हाये." शिपायाच्या बायकोचेही दिवस भरत आले होते. हसत हसत सोडून देल्लं.

पोतं सुकाले लागलं. इस्तारी घडी घडी नळावर धावे. ते पाहून कोटवाले साहेबलोकही आपल्या गिलासातलं पाणी पोत्यावर वताले लागले. दिवस बुडता बुडता विमान उडालं. माणूस जन्मात एकदा उडते, अन् हा गडी पोतं मांडीवर घेऊन मासाच पाहत बसला. खिडकीबाहेर पाह्यलंच नाई. मले आजही त्याचा राग येते.

दिल्लीत खुशालच्या खोलीवर पोत्याचं तोंड सोडलं तं हालचाल नाई. इस्तारीनं पोतं हालवून पाह्यलं. भागीरथानं भिंतीकडून तोंडही वळवलं नाई. तेवढ्यात मरळीनं उसळी मारली, खुशालच्या पायातून निसटली अन् थेट खाटेखाली. शहरात वाढलेला जावई, घाबरून स्टुलावर चढला.

भागीरथानं वळून पाह्यलं. नवरा स्टुलावर, बाप फरशीवर रांगून राह्यला. तिले फस्सकन हसू आलं.

"बाबा, असं नाई पकडत तिले," म्हणत ती खाली उतरली, खाटेखाली शिरली अन् मरळ मानेले धरून बाहेर आली. केस विस्कटलेले, हात शेवाळानं भरलेले.

"कधी रांधता? मले भूक लागली."

इस्तारीनं स्टोव्ह पेटवाले घेतला, पण नजर पोरीवरच, काड्यावर काड्या विझल्या.