खोट आधी सांगणारे शेठ

स्वतःच्या मालाची इतकी बदनामी करणारा दुकानदार उभ्या पुणे जिल्ह्यात दुसरा सापडला, तर मी माझी पेन्शन त्याच्या नावावर करायला तयार आहे. बेल्ह्याच्या बैलबाजाराच्या तोंडाशीच आमच्या या शेठचं दुकान आहे. कासरे, दावी, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा, बैलाच्या अंगावर जे जे चढतं ते सगळं तिथं मिळतं, पण मिळण्याआधी त्याची निंदा ऐकून घ्यावी लागते. शेठचे पणजोबा राजस्थानातून आले. शेठ मात्र बोलायला लागले की बाजारातले शेतकरी त्यांच्यापुढे शहरी वाटतात. गिऱ्हाइकानं कासऱ्याला हात लावला रे लावला की हे गादीवरून ओरडणार, "थांबा पावणं! पीळ ढिला हाय त्याचा. एक पावसाळा काढील, दुसऱ्याची हमी न्हाई!" एकदा एक जण बैलासाठी झूल घ्यायला आला होता. तिचा रंग जातो हे शेठनी त्याला इतकं पटवलं की तो समोरच्या दुकानातून झूल घेऊन गेला. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "समोरच्याचाबी रंग जातोय गुरुजी. पण त्ये सांगायचं काम त्याचं."

बोलून भागलं नाही तर दोरी दुकानाच्या खांबाला बांधायची आणि दुसरं टोक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. "ओढा!" मी ओढली तेव्हा दोरी तुटली आणि मी उताणा पडलो. शेठ धावत आले, आणि मला ओलांडून जाऊन त्यांनी दोरी कुठं तुटली ते बघितलं. या असल्या वागण्यानं धंदा बुडायला हवा होता. पण घाटघरपासून लोक दोन एसट्या बदलून त्यांच्याकडे यायचे, कारण पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ झाली होती. शेठ ज्या मालाबद्दल काहीच वाईट बोलत नाहीत, त्यात खोट नसते. तो डोळे मिटून घ्यावा.

आणि अशा माणसाच्या तोंडी जाहिरात घातली! मला अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. झालं असं, की शेठचे चिरंजीव पुण्याची नोकरी सोडून दुकानात आले. चांगला चाळिशीला टेकलेला गृहस्थ, पण 'ब्रँड' आणि 'रीच' याखेरीज तोंडात शब्द नाही. त्यांनी दुकानाला एक इंग्रजी नाव दिलं, जे शेठना अजून म्हणता येत नाही, फोनवरून विकायला नायलॉनच्या वेसणी परस्पर मागवल्या, आणि पुण्यातल्या कुठल्याशा मंडळींना ऑनलाइन प्रसिद्धीचं काम दिलं. त्या मंडळींनी शेठचा पुतणीच्या लग्नातला फेट्यातला फोटो घेतला, फोनवरचा आवाज घेतला आणि एआयकडून त्याचा व्हिडिओ करून घेतला. शेठ बटणांचा मोबाईल वापरतात. त्यांना एवढंच सांगितलं की दुकानाचा व्हिडिओ निघतोय, तुम्ही निवांत बसा.

एआयनं लिहिलेलं मराठी जरा नीट करून द्या म्हणून चिरंजीव माझ्याकडे आले. मी मराठीचा निवृत्त मास्तर. कुणी विचारलं याचाच आनंद. मी दोन वाक्यं सरळ केली, एक जोडलं, चहा घेतला. 'आमची नायलॉनची वेसण कधी तुटत नाही आणि बैलाच्या नाकाला काचत नाही.' हे वाक्य कागदावर अगदी बिनचूक होतं, म्हणून मी त्याच्यावर बरोबरची खूण करून पुढे गेलो. नायलॉन नाकाला काचतं हे बेल्ह्यात जन्मलेल्या माणसाला माहीत नसेल का? मला होतं.

व्हिडिओ कुठल्या कुठं पोचला. त्यात शेठ इतके गोड हसत होते की त्यांना तसं हसताना त्यांच्या बायकोनंही पाहिलं नसेल. हाताला सहा बोटं होती. आमच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे ठरतात, तिथं या हाताशी सौदा कसा करायचा कोण जाणे. मागे उभ्या बैलाची दोन्ही शिंगं एकाच बाजूला. पण बोटं मोजत कोण बसतो? आवाज शेठचाच होता.

मग एका बाजाराच्या दिवशी घाटघरचा एक शेतकरी दुकानात आला. त्यानं व्हिडिओ बघून फोनवरून वेसण मागवली होती. तो भांडायला आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हात जोडून म्हणाला, "शेठ, माझंच बांधायचं चुकलं बगा. बैलाचं नाक पार सोललंय. कशी बांधायची त्येवढं दावा."

शेठ चमकले. "नायलॉन? आन्‌ नाकात? कुणी सांगितलं तुमाला?"

"तुमीच की! मोबाईलवर तुमी कायबी खोट सांगितली न्हाई. म्हनलं, शेठ खोट सांगत न्हाईत म्हंजे मालात खोट नसनार. चूक आपलीच."

त्यानं व्हिडिओ लावून दाखवला. शेठनी तो पूर्ण बघितला, पुन्हा लावायला सांगून बघितला. मग चिरंजीवांकडे वळून इतक्या जोरात ओरडले की बाजारातल्या म्हशी बिथरल्या, "माझ्या तोंडानं खोटं बोलाया तुला कुणी सांगितलं रं?" चिरंजीव म्हणाले, "पप्पा, ते एआय बोललं. आणि व्ह्यूज तरी बघा!" शेठनी त्या दिवशीच व्हिडिओ इंटरनेटवरून उतरवायला लावला, पण तोवर तो शेकडो लोकांनी एकमेकांना पाठवून झाला होता. आवाज माणसाचा, लिहिणारं यंत्र, आणि जखम कुणाची, तर एका मुक्या जनावराची! याचा जाब विचारायचा कुणाला? पुण्याच्या मंडळींनी तर मोबाईलवर हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवून विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी शेठ सुती वेसण आणि औषध घेऊन घाटघरला निघाले. मला घरी बसवेना, म्हणून मीही निघालो. गोठ्याशी त्या शेतकऱ्याची आई बसली होती. तिनं शेठकडे निरखून बघितलं आणि लेकाला म्हणाली, "ह्ये न्हवं त्ये. मोबाईलातलं शेठ लई गोड बोलत्यात." शेठनी नायलॉन कापलं, जखमेला औषध लावलं आणि मग बैलापुढे हात जोडून हळूच "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले. शेठ जैन; वर्षातून एकदा, पर्युषणात, हे लोक सगळ्यांची अशी क्षमा मागतात. मी औषधाची डबी धरून शेजारीच उभा होतो. सूर्य मावळायच्या आत जेवणारा तो माणूस त्या दिवशी उपाशीच परतला.

त्यानंतर शेठ बदलले. गिऱ्हाइकानं कासऱ्याला हात लावला तरी आता गादीवरून आरोळी येत नाही. मुकाट्यानं दोरी खांबाला बांधतात आणि टोक हातात देतात. मी विचारलं, तर म्हणाले, "आवाज आता कुणाचाबी करून मिळतोय गुरुजी. हाताला कळंल त्येवढं खरं."

परवा कपडे वाळत घालायला दोरी आणायला गेलो आणि न राहवून बोलून टाकलं, "शेठ, त्या व्हिडिओतलं मराठी मी तपासून दिलं होतं." शेठ खांबाला गाठ मारत होते. ती पूर्ण करून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"माल गेल्यावर खोट सांगून काय उपेग, गुरुजी?"

रागावले नव्हते, तेच मला लागलं. त्यांनी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. मी ओढली. पीळ ढिला आहे की घट्ट, मला काही कळेना. पूर्वी ते गप्प बसले की मी डोळे मिटून दोरी घरी न्यायचो. आता टोक धरून तसाच उभा राहिलो, त्यांनी त्या दोरीबद्दल काहीतरी वाईट बोलावं म्हणून.