क्लीनरूममधला पोछा

"पोछा तू धर," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या लोकांना सफाईची सवय असते ना, छान जमेल तुला."

सगळ्या वर्गासमोर. हसून. वर माझ्या गालाला हात लावला, जणू बक्षीसच देत होत्या.

मी नववीत होते. रामटेकजवळच्या आमच्या शाळेत एका संस्थेने चिप बनवायला शिकवणारी प्रयोगशाळा काढली होती. उद्या या भागात चिपचे कारखाने येतील, त्यांचे कामगार इथल्याच शाळांतून घडतील, असं संस्थेच्या मॅडम नागपूरहून एसी गाडीतून येऊन सांगायच्या. शिक्षणही इथल्या मातीतलं हवं म्हणे. चिपचं सिलिकॉन वाळूतून निघतं, म्हणून कन्हानची वाळू हवी होती. ती पिशवी भरून मीच आणली. तेव्हा माझे हात चालले.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेची खोली होती. क्लीनरूम. धुळीचा एक कण पडला की चिप वाया. धूळ प्रत्येकाच्या अंगावरून झडते, म्हणून सगळ्यांनी पांढरा झगा घालायचा, हे मॅडमनीच शिकवलं होतं. धुळीलाही जात असते, तेवढं शिकवायचं राहिलं होतं.

त्या दिवशी हिंगण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातले साहेब येणार होते. ज्यांचं काम त्यांना आवडेल, त्यांना सुट्टीत कारखान्यात शिकायला मिळणार होतं. मला ते हवंच होतं. महिनाभर मायक्रोस्कोपवर मी बसत होते. आता तिथे शाळेच्या अध्यक्षांची पुतणी बसली. डोळा कुठे लावायचा हेही तिला ठाऊक नव्हतं. पण आडनाव स्वच्छ होतं.

"मलेच काहून, मॅडम?" मी विचारलं.

"अगं, सफाई हेच इथलं सगळ्यात मोठं काम आहे."

"मंग ते अध्यक्षसाहेबांच्या पुतणीले द्या."

मी पोछा मॅडमच्या खुर्चीला टेकवला, झगा चढवला आणि मायक्रोस्कोपपाशी जाऊन उभी राहिले. मॅडमनी शिपायाला बोलावून मला बाहेर काढलं. साहेब आले, टाळ्या झाल्या. निवडलेल्यांत मी नव्हते.

संध्याकाळी मॅडम आमच्या घरी आल्या. पाणी दिलं तर म्हणाल्या, बाटली आहे. उद्या प्रार्थनेला सगळ्यांसमोर माफी माग, मी निवडलेल्यांच्या यादीत तुझं नाव घालते, असं म्हणून गेल्या. एवढं मोठं मन!

माय लॉजवर संडास धुवायची. ती घाबरली. "माग वं बाई. एका शब्दानं काय जाते आपलं?"

"तुये हात गेले न माय. आता जीभ नाही देत मी."

ती चुलीकडे वळली. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं.

माफी मी मागितली नाही. नाव गेलं ते गेलंच. आता पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स घेतलंय, दहावीच्या मार्कांवर. मॅडम अजून कुठल्या कुठल्या शाळांत जाऊन गरिबांच्या मुलांचं भलं करत असतात. करोत. मी कारखान्यात शिरणार आहे. पूर्ण नाव सांगून, आडनावासकट. आणि आम्ही हिला घडवलं असं कोणी माईक धरून म्हणालंच, तर तिथेच उभी राहून सांगेन, तुम्ही मला बाहेर काढलं होतं.