जप्तीच्या फोनवर आलेला ओटीपी

त्या दिवसाची आठवण निघाली, की अजून माझं डोकं तापतं. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण इथं चोरीला गेलं होतं एका मुलीचं कॉलेज.

मी तेव्हा कर्जतला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना कशेळ्याच्या सायबर कॅफेवाल्याचा फोन आला. "साहेब, वाडीवरची पोरगी रडतेय इथं. तिच्या मेडिकलच्या अर्जात कुणीतरी हात घातलाय."

मुलगी डोंगरावरच्या आदिवासी ठाकर वाडीतली. तिनं मुंबईतली मोठी सरकारी कॉलेजं पसंतीत वर टाकली होती. ती सगळी गायब होती आणि अर्ज त्याच संध्याकाळी बंद होणार होता.

अर्ज बदलायला ओटीपी लागतो. वाडीवर नेटवर्क नाही, म्हणून तिथली माणसं बँकेला असो की गॅसला, खालच्या गावातल्या ओळखीच्या माणसाचा नंबर देतात. हिनं भिसेगावातल्या वर्गमैत्रिणीच्या वडिलांचा दिला होता. दोघी एका बाकावरच्या, अर्जही एकत्र भरलेला. पासवर्ड मैत्रिणीला पाठ.

गुन्हा नोंदवला आणि महिला हवालदार, दोन पंच, मुलगी आणि तिचा बाप यांना घेऊन भिसेगाव गाठलं. मैत्रिणीच्या वडिलांनी दारातच कबुली दिली. "मी केलं, साहेब. आमच्या पोरीला यात ओढू नका."

इतकी घाईची कबुली मला कधी पचली नाही. त्यांचाच मोबाइल त्यांच्या हातात दिला. म्हटलं, दाखवा ओटीपी कुठं आला होता. गृहस्थांनी फोटो उघडले, मग व्हॉट्सॲप. मेसेज काही सापडेना.

"पुरे, बाबा," त्यांची मुलगी आतून बाहेर आली. "मी केलं."

"का गं?" हवालदारबाईंनी विचारलं.

"माझे मार्क जास्त आहेत! तरी राखीव जागेवर मोठं कॉलेज तिला, आणि मी कुठंतरी लांब प्रायव्हेटला? हा न्याय आहे?"

वाडीवरची पोरगी पुढं झाली. "जास्त हायेत, मान्य हाय," ती म्हणाली. "तू क्लासला जायचीस तवा मी कशेळ्याची जीप धरायला डोंगर उतरायची. तुला न्याय पायजे तर सरकारला विचार, मोर्चा काढ. माझ्या अर्जात का शिरलीस गं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. तालुक्यातली वजनदार असामी. "साहेब, मुलींचं भांडण आहे, बसून मिटवा." इकडे वाडीवरच्या मुलीच्या बापानंही हात जोडले. "मिटवा साहेब. आमाला यांच्याकडंच कामाला यावं लागतंय."

"बाबा, हात खाली घ्या," मुलगी कडाडली. "चोरी आपण नाय केली."

शाब्बास पोरी! मी फोनवर सांगितलं, "गुन्हा दाखल झालाय. आता जे काय म्हणायचं ते कोर्टात म्हणा."

पण मोबाइल जप्त करून सील केला, तर नवा ओटीपी बघायचा कुठं? आधीचे मेसेज पंचांसमोर उघडून त्यांचे फोटो घेतले, पंचनाम्यात नोंद केली. मग हवालदारबाईंच्या फोनवर मुलीनं अर्ज उघडला. ओटीपी आला तो जप्तीच्या मोबाइलवर, आणि मीच तो मोठ्यानं वाचला. तिनं आपली कॉलेजं परत वर लावली, अर्ज पक्का केला. मगच मोबाइलवर लाखेचं सील लावलं.

वरिष्ठांनी खुलासा मागितला, जप्त मुद्देमालावर फिर्यादीचं काम कसं केलंत? मी लिहून दिलं, केलं, आणि वेळ आली तर पुन्हा करीन. सेवापुस्तकात शेरा बसला. बसू दे. मुलीला हवं ते कॉलेज मिळालं.

जागा कुणाला किती, यावर खुशाल वाद घाला. तो तुमचा हक्क आहे. पण या प्रकरणानं मला एक गोष्ट पक्की शिकवली. समजूतदारपणाचा उपदेश नेहमी फिर्यादीलाच होतो, आरोपीला कुणी करत नाही.

आजही लोक विचारतात, "त्या दुसऱ्या मुलीवर केस झाली, तिच्या आयुष्याचं काय?" मी उलट विचारतो, त्या संध्याकाळी अर्ज तसाच बंद झाला असता, तर पहिलीच्या आयुष्याचं विचारायला तुम्ही आला असता का?