हसणाऱ्या तरसाचा पिक्चर

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी., प्राणिशास्त्र, सेकंड क्लास. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही. बीडकडच्या आमच्या गावात माझ्या वयाच्या मुली चौथीनंतर शेळ्यांमागे जायच्या. मी बेडूक कापला, गांडूळ कापलं, झुरळाचं तोंड उलगडून काचपट्टीवर लावलं, आणि परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले. तिथे माझ्या टेबलावर सिमेंटच्या फायली आल्या. प्राणी म्हणावा तर खणातला उंदीर, तोही सगळ्या सेक्शनचा मिळून एक.

मग त्या पदवीचं करायचं काय? म्हणून मी रविवारी झूमध्ये जायला लागले. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून सकाळी डबा, छत्री आणि मुलगी एवढं घेऊन निघायचं, ते दिवेलागणीला परत. नवरा अंथरुणातूनच म्हणायचा, "जा, माहेरी जाऊन ये." त्याला प्राण्यांमध्ये रस नव्हता, झोपेत होता. थंडीच्या दिवसांत रजई ओढून घेतलेला तो मला झूमधल्या अस्वलापेक्षा फारसा वेगळा वाटत नसे.

झूमध्येच आमचं टोळकं जमलं. पाणघोड्यासमोर कुणी "अगं बाई, केवढं ते तोंड" असं म्हणालं की दिल्लीतला मराठी माणूस मान वळवतोच. तशा माना वळत वळत आम्ही चौघं झालो. रत्नागिरीकडचे एक चाचा, रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. वसईची एक सिस्टर, सरकारी हॉस्पिटलात नर्स. नागपूरचे एक काका, माझ्यासारखेच बाबू, फक्त मंत्रालय वेगळं. आणि मी.

सुरुवातीला आमची फार भांडणं व्हायची. प्रत्येकाला प्रत्येक प्राण्याबद्दल बोलायचं असायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं नसायचं. शेवटी चाचांनी कँटीनच्या चहावर कायदा केला: एका माणसाला एक प्राणी. प्राणी असा मिळायचा नाही. त्याच्यासमोर अख्खी दुपार बसायचं, जागचं न हलता. मग चहाला येऊन काय काय बघितलं ते सांगायचं. आधी कुणाचा नसेल तर तो तुमचा. त्यानंतर त्या प्राण्याच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटचा, आणि दुसऱ्याला त्यावर तोंड उघडायचं असेल तर आधी परवानगी मागायची. चाचांचा गेंडा होता. सिस्टरचा पाणघोडा. नागपूरकर काकांनी पिंजऱ्यातलं काहीच घेतलं नाही. त्यांनी तळ्यावरचे चित्रबलाक घेतले, पंखांवर गुलाबी छटा असलेले ते मोठे करकोचे. पावसाळ्याच्या शेवटी आपणहून येतात, झूच्या झाडांवर घरटी करतात आणि मार्चअखेर निघून जातात. "तिकीट नाही, पिंजरा नाही, आणि रेशन सरकारी," काका अभिमानाने सांगायचे. पांढरा वाघ कुणीच घेतला नाही. तो गर्दीचा आहे, असं चाचांचं मत.

माझं तरस होतं. आमच्या गावात तरसाचं नाव निघालं की लोक दार लावून घ्यायचे. ते पोरं पळवतं म्हणायचे. कॉलेजात मला कळलं की हे लाजरं जनावर मेलेल्या ढोरांची हाडं फोडून शिवार साफ ठेवतं. दिल्लीत ते भेटलं तेव्हा त्याच्यासमोर कुणीही उभं नव्हतं. गाववाला भेटल्यासारखी मी बसले आणि दुपार कधी संपली कळलं नाही.

माझ्या मुलीचा मात्र कोणताच प्राणी नव्हता. ती दहा वर्षांची. दिल्लीत वाढलेली, तरसाला लकडबग्घा म्हणणारी. अख्खी दुपार एका जागी बसणं तिला जमत नसे, त्यामुळे आमच्या सभेत तिला चहाबरोबरची बिस्किटं मिळायची, मत नाही.

ती पाचवीत असताना झूवरचा तो हिंदी पिक्चर आला. झूतल्या म्हाताऱ्या रखवालदाराची नातवंडं, त्यांचे प्राणी, आणि झूची जागा हडपून तिथे हॉटेल बांधू बघणारा एक लठ्ठ शेठ. सहकुटुंब बघण्यासारखा, असं पोस्टरवरच लिहिलेलं. मुलीच्या मराठी शाळेत दरवर्षी सहल जायची आणि ती दरवर्षी लाल किल्ल्यावर जायची. या वर्षी पाचवीच्या पोरांनी मोठ्या बाईंच्या मागे लागून पिक्चरचं कबूल करून घेतलं. पण मोठ्या बाई सावध. शाळेच्या पुस्तकात तरसाचं चित्र चुकलंय म्हणून मी आदल्या वर्षी त्यांच्या खोलीत जाऊन बोलले होते, ते त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही झूवाले आधी बघून या. मुलांना काही भलतंसलतं शिकवणारा नाही ना, एवढं सांगा. तुम्ही ठीक म्हणालात तर नेते. नाहीतर आहेच आपला लाल किल्ला."

हे वर्गात पसरायला मधली सुट्टीसुद्धा लागली नाही. संध्याकाळी मुलगी दप्तर न उतरवताच स्वयंपाकघरात आली.

"आई, सगळे मला बोलले, तेरी मम्मी ने ना बोला तो देख लेना."

"मी खोटं थोडीच बोलणार आहे?"

"तेच ना यार. तू खोटं बोलत नाहीस, तोच तर प्रॉब्लेम आहे."

"आईला यार म्हणतात?"

"चार वेळा लाल किल्ला बघितलाय मी. पाचव्यांदा माझ्यामुळे गेलो तर माझ्याशी कोणी बोलणारच नाही. बिल्कुल नाही."

ती मजेत बोलत नव्हती. रात्री तिने भातात हात घातला आणि तसाच काढून घेतला, तेव्हा मला कळलं की हे प्रकरण पुस्तकातल्या चित्रापेक्षा मोठं आहे.

शनिवारी दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. चौघं आणि ती. ती मध्ये बसली, आमच्यावर लक्ष ठेवायला. "कुणी जोरात बोलायचं नाही," तिने बजावलं. आम्ही माना डोलावल्या आणि त्या वेळी आमचा हेतू चांगलाच होता.

पहिल्याच गाण्यात काका उठून बसले. नातवंडांना उन्हाळ्याची सुट्टी लागलेली, पोरं बर्फाचे गोळे खातायत, आणि मागे झाडावर घरट्यांतून चित्रबलाकांची पिल्लं माना काढून बसलेली.

"मे महिन्यात?" काका म्हणाले. "अरे, मे महिन्यात हे कुठून आणून राहिला बे हा?"

"काका," मुलगी दातांवर दात ठेवून म्हणाली.

"नाही, पण मे महिन्यात? गोळा खाऊन राहिले ना पोट्टे? मग हे काऊन बसले तिथे?"

मग पाणघोडा आला. त्याने भला मोठा जबडा उघडला. पडद्यावरची नात म्हणाली, बघा, याला झोप आली, आणि तिने त्याला अंगाईगीत म्हटलं. सगळं थिएटर विरघळलं. सिस्टर वॉर्डमधल्या आवाजात म्हणाली, "झोप नाही आली त्याला. तो दात दाखवतोय. पोरीला मागे घ्या कुणीतरी."

मागच्या रांगेतून एक भाईसाहब म्हणाले, "बहनजी, पिक्चर देखने दो."

"देखो ना," सिस्टर म्हणाली. "पण त्याच्या इतक्या जवळ जाऊ नका."

चाचा बराच वेळ शांत होते, कारण त्यांचा गेंडा लांबून दिसत होता आणि लांबून तो बरोबर होता. मध्यंतरानंतर तो शेठच्या गाडीमागे धावला. धावायला लागला तेव्हा त्याला एक शिंग होतं. गाडीजवळ पोहोचला तेव्हा दोन. कुठल्यातरी परदेशी फिल्मचा तुकडा जोडला होता. चाचांनी फक्त एक बोट वर केलं, मग दोन बोटं वर केली, आणि आम्हा सगळ्यांना ती दाखवत राहिले.

शेवटी माझं तरस. शेठने पाळलेलं, लबाड डोळ्यांचं. पट्टेवालं, आपल्याकडचंच, आणि ते हसत होतं. खदाखदा. तो आवाज आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसाचा असतो. आपलं पट्टेवालं इतकं मुकं जनावर की रविवारांमागून रविवार मी त्याच्यासमोर काढले, पण कण्हण्यापलीकडे काही ऐकलं नाही. "हसत नाही ते," मी म्हटलं. माझ्या मते हळू म्हटलं. पुढच्या रांगेतली लहान मुलंसुद्धा मागे वळली. मुलगी खुर्चीत इतकी खाली घसरली की मला फक्त तिची रिबीन दिसत होती.

उरलेल्या पिक्चरमध्ये हत्तीच्या पिल्लाचं काहीतरी होतं. हत्ती आमच्यापैकी कुणाचाच नव्हता, त्यामुळे आम्ही गप्प होतो.

बाहेर येऊन एका टपरीवर चहा घेतला आणि सभा भरली.

"गेंडा सोडला तर पिक्चर छान आहे," चाचा म्हणाले.

"पाणघोड्याचं खोटं आहे, आणि धोक्याचं आहे," सिस्टर म्हणाली. "बाकी गोड आहे हो."

"पक्षी एवढे सोडा. बाकी पैसे वसूल," काका म्हणाले. "तुमच्या तरसाने तर वहिनी, मजा आणली. परवानगी असेल तर बोलतो."

"नाही."

"बरं."

मी म्हटलं, तरस चुकलंय, बाकी मला आवडला. मग आमच्या लक्षात आलं की आम्ही कुठे येऊन पोहोचलो. प्रत्येकाला बाकीचा पिक्चर आवडला होता. पण प्रत्येकाच्या प्राण्यावर त्याचा शब्द शेवटचा, आणि चारही शब्द नाही असेच होते. कायदा आमचाच. तो मोडायचा तर उद्या कुणीही उठून माझ्या तरसावर बोललं असतं. चाचांनी दाढी खाजवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोठ्या बाईंना मग 'नाही' असंच सांगावं लागणार, पोरी."

मुलीच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. ते तिने काढायचा प्रयत्नही केला नाही.

मग ती म्हणाली, "माणूस कुणाचा आहे?"

"कुठला माणूस?" काकांनी टपरीवर इकडेतिकडे बघितलं.

"माणूस, प्राणी. आईच म्हणते सायन्समध्ये माणूस पण प्राणीच असतो."

"सस्तन प्राणी," मी म्हटलं. पदवी आहे शेवटी.

"मग तो कुणी घेतलाय?"

कुणीच घेतला नव्हता. इतक्या वर्षांत आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग तो माझा."

"असा नाही मिळत, बेटा," चाचा म्हणाले. "अट आहे. अख्खी दुपार समोर बसावं लागतं. जागचं हलायचं नाही."

"बसले ना. पिक्चर मी बघितलाच नाही, चाचा. मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही आता कधी ओरडणार, म्हणून."

चाचांनी कप खाली ठेवला आणि सभेत विचारायची पद्धत असते तसं विचारलं, "बरं. मग काय बघितलंस?"

"पाणघोड्याच्या गाण्याला सिस्टर ओरडली, पण पाय हलवत होती. गेंडा गाडीमागे गेला तेव्हा काका सीटवरून उठले आणि बोलले, धर त्याला. आणि हत्तीचं पिल्लू आईला शोधत होतं ना, तेव्हा काकांचा समोसा तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आईने माझा हात दाबला. अजून दुखतोय. चाचा रडले."

"सर्दी झालीय मला," चाचा म्हणाले.

"हत्तीपुरती?" सिस्टरने विचारलं.

"तर माझ्या प्राण्याला पिक्चर आवडला," मुलगी म्हणाली. "माझ्या प्राण्यावर माझा शब्द शेवटचा. पिक्चर ठीक आहे."

काकांनी घसा साफ केला. "यावर काही बोलायचं असल्यास परवानगी..."

"नाही."

चाचा हसायला लागले आणि मग त्यांना खरंच खोकला आला.

सोमवारी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी शाळेत गेले. मोठ्या बाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. शिंगं, पिल्लं, जबडा, हसणं. त्या ऐकत होत्या, पण पेनचं टोपण लावायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "चार प्राण्यांच्या बाजूने उत्तर 'नाही' आहे. पण ज्या प्राण्याला दाखवायला काढलाय, त्याच्या बाजूने ठीक आहे. घेऊन जा."

पाचवी पिक्चरला गेली. मुलगी संध्याकाळी घरी आली ती बडबडत. अमका हसला, तमकी रडली, गाण्यावर सगळे बाकावर ठोकल्यासारखे खुर्च्या ठोकत होते. नवराही रजईतून बाहेर येऊन ऐकायला बसला.

"आणि सगळे मला विचारत होते, लकडबग्घा सच में हँसता है क्या," ती म्हणाली.

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? तो माझा प्राणी नाही. आईला विचारा म्हटलं."

रविवारी खरंच आले विचारायला. निम्मा वर्ग, आईवडिलांची बोटं धरून, पांढऱ्या वाघाला मागे टाकून माझ्या तरसासमोर. ते सावलीत आडवं होऊन झोपलेलं. पोरं जाळीला नाक लावून वाट बघत राहिली.

"काकू, ये हँसेगा कब?" एकाने विचारलं.

"नाही हसणार," मी म्हटलं, आणि डबा, छत्री बाजूला ठेवून अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं.