पाहू म्हणालो होतो

कोणीही बोलू लागलं की ती पोरगी त्याच्या तोंडाकडे एकटक पाहायची आणि आवाज न करता स्वतःचे ओठ हलवायची. मग हळूच म्हणायची, "समजलं." समजलेलं असो वा नसो, हे ठरलेलं.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास मी चामोर्शीपलीकडच्या एका गावात चौथीपर्यंतच्या शाळेचा एकुलता एक मास्तर होतो. गावातली पोरं धान पिकवणाऱ्यांची. ती एकटी मात्र नाल्यापलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरून, त्यांच्या छोट्या वस्तीवरून, यायची. आली तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. घरी गोंडी, मराठी तिने ऐकली ती माझ्याकडून आणि पुस्तकातून. मी नागपूरचा, वर्गात छापल्यासारखा बोलणारा. त्यामुळे ही पोरगी विहिरीवर जाऊन म्हणायची, "कृपा करून मला पाणी द्या." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीने विचारलं, "काऊन वो, तू कोन्या साहेबाची पोरगी?" हिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तरी म्हणाली, "समजलं."

पुढच्या दिवाळीपर्यंत विहिरीवर 'मले' आणि माझ्यासमोर 'मला' असं ती न चुकता बोलू लागली. मला तिचा केवढा अभिमान वाटायचा!

पण शब्द कळले म्हणजे बोलणं कळलं असं नाही. एकदा गोंगाटाला वैतागून मी ओरडलो, "डोकं खाऊ नका रे माझं." दुसऱ्या दिवशी तिने पळसाच्या पानात उकडलेले कंद आणून माझ्या टेबलावर ठेवले. शाळेतली पोरं फार भुकेली आहेत, असं तिने घरी सांगितलं होतं. ते कंद आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले. त्या दिवशी मी कुणावर ओरडलो नाही.

चौथी झाली. पुढची शाळा चामोर्शीला, आणि तिथे मुलींच्या राहण्याची सोय नव्हती. शेवटच्या दिवशी ती बापाला घेऊन आली. म्हणाली, "गुरुजी, मला पुढे शिकायचं आहे. तुम्ही न्याल का?"

होणार नाही हे मला ठाऊक होतं. पण तिच्या तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "पाहू."

तुम्हा-आम्हाला हा शब्द चांगला कळतो. नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून आपण पाहू म्हणतो. गावातलं कुठलंही पोर तो ऐकून मान खाली घालून निघून गेलं असतं. पण हे मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. तिने बापाला गोंडीत भराभर काहीतरी सांगितलं आणि दोघं हसत हसत गेले. गुरुजी नक्की सोय पाहणार असा तिचा समज झाला, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यांना हाक मारून थांबवायला हवं होतं. मी भित्रा, शाळेला कुलूप लावून घरी गेलो.

सुट्टीतच माझी बदली मूल गावाला झाली. पावसाळा सरल्यावर तिथल्या बाजारात तिचा बाप समोर आला. मला शोधत दोन दिवस चालत आला होता. मोडक्यातोडक्या मराठीत त्याने सांगितलं ते असं. तिने पाटी आणि दोन कपडे गाठोड्यात बांधून ठेवले होते. रोज सकाळी ते घेऊन ती वाटेवर बसायची, पावसातही. मग ताप आला. मामा बैलांची बंडी घेऊन आला. त्याच्या गावाला दवाखाना होता. पण तिने घराचा खांब धरून ठेवला. "गुरुजी पाहत आहेत, ते येतील आणि मी नसेन तर?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी उचलूनच न्यायचं ठरलं, तोवर नाल्याला पूर आला. चौथ्या दिवशी तापातच ती गेली.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोसायला सोपं गेलं असतं. त्याला एकच विचारायचं होतं.

"गुरुजी, तुमी पाहून राह्यले होते ना?"

मी काहीच पाहिलं नव्हतं. कुणाला साधं कार्डही टाकलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "पाहत होतो."

त्याने मान हलवली. "तिच्या मायले सांगतो," म्हणाला, आणि तसाच परतीच्या वाटेला लागला.